बाजाराची पिशवी



आज आपण अक्षरे गिरवणार नाही. आज पिशवीविषयी बोलू. आठवड्याच्या बाजारातून भरून घरी येते, ती पिशवी.

आधी आमची एक चूक सांगतो. मागे आम्ही वर्गाच्या भिंतीवर एक चित्र लावले होते. वर मोठ्या अक्षरांत 'सकस आहार' असे लिहिले होते. खाली दुधाचा पेला, सफरचंद, द्राक्षे, बदाम. सगळ्यांनी ती अक्षरे वाचली. आम्हांला आनंद झाला. तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "वाचलं बाबा. पण ही सफरचंदं आमच्या रोजगारात कशी बसवायची, तेबी लिव्हलंय का त्यावर?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण मनात खजील झालो. दुसऱ्या दिवशी चित्र उतरवले.

मग आम्ही तुमच्याबरोबर बाजारात फिरलो. पिशवीत काय पडते ते पाहिले. तेल, साखर, चहाची पुडी, कांदे, बटाटे, मिरची. डाळ पडते, पण ती बेताची. आणि सर्वांत वर मुलांसाठी पुडे. बिस्किटांचे, तळलेल्या कुरकुरीत खाऊचे. एक बाई म्हणाल्या, "पोर रडतं. पाच रुपयांत गप बसतं." हे खोटे नाही. आईबाप दिवसभर कामावर, पोराजवळ कोण बसणार?

पण आपण हिशेब शिकलो आहोत, तो इथे करू. दोन मुले, रोजचे दोन पुडे. ५ आणि ५ मिळून १० रुपये. महिन्याचे दिवस ३०. म्हणजे ३०० रुपये. फळ्यावर हा आकडा लिहिला, तेव्हा त्याच बाई म्हणाल्या, "अगं बाई, एवढे?" भाव वरखाली होतो, पण एवढ्या पैशांत किलोभर शेंगदाणे आणि किलोभर गूळ येतो, वर थोडे सुटे उरतात.

पुड्यात बहुतेक मैदा, साखर, तेल आणि मीठ. पोट भरल्यासारखे वाटते आणि पोर जेवणाला बसत नाही. शेंगदाण्याचे तसे नाही. अंगात मांस भरण्यासाठी जे लागते, त्याला प्रथिन म्हणतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यात ते सुमारे २५ ग्रॅम असते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. अंडे चांगलेच आहे, परवडेल तेव्हा जरूर आणा. शेंगदाण्याचे मात्र दोन गोष्टींनी जपा. लहान पोराला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. कूट करून, गुळात लाडू वळून द्या. आणि बुरशी आलेला, काळा पडलेला दाणा फेकून द्या. तो भाजला तरी विषारीच राहतो.

आता डाळ. भाकरीत जे कमी असते ते डाळीत असते, डाळीत कमी ते भाकरीत. म्हणून दोघींची जोडी हवी. चार वाट्या धान्याला एक वाटी डाळ, असा अंदाज धरा. तूर महागली तर तुरीचाच हट्ट नको. हुलगे, मटकी, चवळी, हरभरा, ज्याचा भाव उतरला असेल ते घ्या. हुलग्याचे माडगे आपल्या आज्या करीत होत्याच की! रेशनकार्डावरचे धान्य २०२३ सालापासून पात्र कुटुंबांना फुकट मिळते. ज्यांना मिळते त्यांनी धान्याचे वाचलेले पैसे डाळीकडे वळवावेत.

आणि बरं का, आमटी वाढताना पळी तळापर्यंत घाला. मुलाला तिखट लागेल म्हणून वरचे पाणी वाढतात. डाळ खाली राहते आणि बापाच्या ताटात जाते. त्यापेक्षा मिरची घालण्याआधी मुलाची वाटी काढून ठेवावी.

पाल्याला तर पैसेही लागत नाहीत. शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ, हरभऱ्याची भाजी. फक्त फवारणी केलेल्या रानातला पाला खुडू नका. भाजी आधी धुवा, मग चिरा. शिजवलेले पाणी ओतून देऊ नका, त्यातच कालवण करा. वर लिंबू पिळा. लिंबाने पाल्यातले लोह अंगी लागते, चहाने ते वाया जाते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. चहा-भाकरीची सवय मोडणे अवघड आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. निदान दिवसातले एक जेवण चहावाचून करा.

आता शेवटचे, आणि हेच बोलायला आम्ही आलो आहोत. आम्ही वर्गात विचारले, "घरात सर्वांत शेवटी कोण जेवते?" बाया एकमेकींकडे बघून हसल्या. पुरुष खाली बघू लागले. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येते? भाकरी असते, ठेचा असतो, आमटीचे भांडे पुसून घ्यायचे असते. सरकारच्या २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. चक्कर येते, धाप लागते, काम ओढवत नाही. आपण म्हणतो, बाईमाणसाचे असेच असायचे. तसे नाही. गरोदर बाईचे रक्त कमी असले तर बाळंतपणात तिच्या जिवावर बेतते, मूलही कमी वजनाचे होते. आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या घ्यायच्याच. पण गोळीबरोबर ताटही हवे.

इथल्याच एका भावाने आमचे ऐकून बायकोची वाटी पहिल्यांदा भरून झाकून ठेवली. त्याची आई दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग माझी बी ठेव." आता त्या घरात दोन वाट्या झाकलेल्या असतात. रोज असतात असे आम्ही म्हणत नाही.

पुढच्या गुरुवारी बाजार आहे. बाजारातून थेट वर्गाला या, पिशवी घेऊनच या. कुणी काय आणले, केवढ्याला आणले, ते एकेकाने फळ्यावर लिहायचे. 'शेंगदाणे' हा शब्द जरा अवघड आहे, तो आज घरी दहा वेळा लिहून बघा.