फायबर अपलिंक : दिवा हिरवा, तरी नेटवर्क का रडतंय?

दोन स्विचना जोडणारी फायबरची लिंक, म्हणजे अपलिंक, बिघडली तर शोध कुठून सुरू करायचा, हा आजचा विषय. मी कोड लिहिणारा माणूस. पण आपला कोड शेवटी कुठल्या तरी केबलवरूनच जातो आणि केबल आजारी पडली की शिव्या सॉफ्टवेअरलाच बसतात. म्हणून हे आपल्यालाही माहीत हवं.

लिंक पूर्ण बंद असेल तर ते एका अर्थी बरं. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, दोन्ही टोकांचे मॉड्यूल एका जातीचे आहेत का? एकीकडे ८५० नॅनोमीटरचं मल्टिमोड आणि दुसरीकडे १३१० चं सिंगलमोड असेल तर ते जमत नाही. दुसरी, वेग. १० जीचं मॉड्यूल समोरच्या १ जीच्या मॉड्यूलशी बोलत नाही. तिसरी, उलटसुलट. इकडचं टीएक्स तिकडच्या आरएक्सला जायला हवं. टीएक्सला टीएक्स जोडलं असेल तर पॅच कॉर्डची दोन टोकं एकाच बाजूला अदलाबदल करा, बहुतेक वेळा दिवा लागतो.

खरा त्रास देते ती अर्धवट आजारी लिंक. एका हॉस्पिटलचं उदाहरण सांगतो. तिथे एक्स-रे जुन्या इमारतीत निघायचे आणि डॉक्टर ते नव्या इमारतीतल्या ओपीडीत बघायचे. मधे साधारण ३०० मीटर सिंगलमोड फायबर, १० जीची लिंक. तक्रार आमच्याकडे आली, ‘तुमचं सॉफ्टवेअर स्लो आहे.’ एक्स-रे उघडायला दोन-दोन मिनिटं लागत होती, बाहेर पेशंटची रांग. दिवा हिरवा, पिंग व्यवस्थित. केबलवाल्यांचं म्हणणं, केबल जुनी झाली, नवी टाकू. म्हणजे अंगण खोदायचं आणि खर्च हॉस्पिटलच्या माथी.

पिंग व्यवस्थित का दिसत होतं? आकार बदलला नाही तर विंडोजचं पिंग ३२ बाइटचा डेटा पाठवतं. एक्स-रेची फाइल मात्र दीड हजार बाइटच्या हजारो पॅकेटांतून जाते. एखादा बिट जरी चुकला तरी आख्खं पॅकेट फेकलं जातं. पॅकेट जितकं मोठं, तितकी त्यात चूक सापडायची शक्यता जास्त. आणि थोडी पॅकेट हरवली तरी टीसीपी आपला वेग बराच खाली आणतो. म्हणून तपासताना पिंगचा आकार १४०० करा आणि दहा-वीस नाही, हजारभर पाठवा.

मग दोन्ही स्विचवर सीआरसी एररचा आकडा बघितला. हा आकडा दोनदा बघायचा, मधे पाच मिनिटं सोडून. जुना साठलेला आकडा काही सांगत नाही, वाढतोय का ते महत्त्वाचं. नव्या इमारतीच्या स्विचवर तो वाढत होता, जुन्या इमारतीत शून्य. सीआरसी मोजली जाते घेणाऱ्याच्या बाजूला. म्हणजे दोष जुन्याकडून नव्याकडे येणाऱ्या दिशेत होता. दोन कोअरपैकी एकावर संशय आला आणि निम्मं काम झालं.

पुढची पायरी, प्रकाश मोजणं. बहुतेक एसएफपी मॉड्यूल स्वतःच हे सांगतात. सिस्कोच्या स्विचवर ‘शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर’, लिनक्सवर ‘इथटूल’. आकडे डीबीएममध्ये येतात. दर ३ डीबी घट म्हणजे प्रकाश निम्मा, १० डीबी म्हणजे दहावा हिस्सा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. जुन्या इमारतीतून प्रकाश निघत होता उणे २ वर, नव्या इमारतीत पोचत होता उणे १५.८ वर. या जातीच्या मॉड्यूलची मर्यादा उणे १४.४ आहे. उलट्या दिशेला मात्र उणे ३.१, ठणठणीत.

आता हिशेब करा. १३१० नॅनोमीटरला चांगल्या सिंगलमोडमध्ये एका किलोमीटरला अर्ध्या डीबीपेक्षाही कमी घट होते. मग ३०० मीटरला किती? नगण्य. चार जोडांचे मिळून दोन डीबी धरा. इथे जवळजवळ १४ डीबी गायब होते. केबलचं वय एवढं खात नाही, आणि त्याच केबलमधला दुसरा कोअर तर छान चालत होता. म्हणजे आधी बघायचे ते जोड आणि वळणं.

मॉड्यूल निर्दोष आहे हे ठरवायला त्याचंच टीएक्स त्याच्याच आरएक्सला छोट्या पॅच कॉर्डने जोडतात. पोर्ट आधी रिकाम्या व्हीलॅनमध्ये टाका, नाहीतर लूप होऊन बसेल. शिवाय ४० किंवा ८० किलोमीटरच्या मॉड्यूलला असं थेट जोडू नका, जास्त प्रकाशाने रिसीव्हर जळू शकतो. आपलं १० किलोमीटरचं होतं. दोन्ही मॉड्यूल पास.

राहिला मधला रस्ता. नव्या इमारतीतल्या पॅच पॅनेलचा कनेक्टर तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली धरला, तर धूळ आणि बोटाचा तेलकट डाग. सिंगलमोडचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यावर एक डाग म्हणजे खिडकीला लावलेलं गोणपाट. क्लीनिंग पेनने दोन्ही बाजू पुसल्या आणि आकडा आला उणे ४.२. सीआरसी वाढायची थांबली, एक्स-रे काही सेकंदांत उघडू लागला. खोदकाम रद्द.

पुसूनही आकडा आला नसता तर? मग पॅच कॉर्ड बदलायची, रॅकच्या दारात फायबर चेपलीय का बघायची, आणि शेवटी केबलमधला रिकामा कोअर वापरायचा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर आकडा लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर लिंक सुरू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि खराब कॉर्ड पुन्हा कपाटात जाऊन बसेल.

आणि हो, फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका. १३१० चा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या ऑफिसच्या अपलिंक चांगल्या चालू असतानाच दोन्ही टोकांचे आकडे वहीत टिपा. बिघाडाच्या दिवशी तुलनेला तेच उपयोगी पडतील. पुढच्या भागात स्पॅनिंग ट्री आणि एकाच दिशेने चालणारी लिंक यांचं भांडण बघू. तोवर नमस्कार.