आठ तारांचा क्रम
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षं झाली. सुरुवातीला डक्टमधून फोनच्या वायरी यायच्या, आता इंटरनेट आणि सीसीटीव्हीच्या येतात. टोक खराब झालं की आपण माणूस शोधतो आणि तो येईपर्यंत मुलांचा क्लास आणि गेटवरचा कॅमेरा दोन्ही बंद. खरं तर हे दहा मिनिटांचं काम आहे. फक्त रंगांचा क्रम चुकता कामा नये.

वायरचं वरचं आवरण साधारण ३ सेंटीमीटर सोला. आतल्या तारांना ब्लेड लागू देऊ नका. आत पिळलेल्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा दिसतील. कनेक्टरची क्लिप मागे, सोनेरी पिना आपल्याकडे आणि वायर खालून येईल असा धरा. आता डावीकडून म्हणा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला ‘टी-५६८-बी’ म्हणतात. दोन्ही टोकांना हाच क्रम.

कुणी विचारेल, हिरव्या जोडीच्या मध्ये निळी कशाला घुसवली? तर जुन्या टेलिफोनची लाइन मधल्या दोन पिनांवर असायची. ती जागा तशीच ठेवली आणि पुढची जोडी तिच्या दोन बाजूंना, म्हणजे ३ आणि ६ वर गेली.

“दोन्हीकडे सारखं लावलं की झालं ना?” नाही! इथेच बरेच जण फसतात. रंगांच्या जोड्या ओळीने लावल्या तर साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण ३ आणि ६ वर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात. तारा पिळायची युक्ती ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट केली. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट गळून जातो. जोडी फुटली की हा फायदा गेला. मग नेट अडखळतं आणि आपण कंपनीला फोन करत बसतो.

आणखी एक. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तपकिरी तार तुटली तरी नेट चालतं, पण ३०० चा प्लॅन घेऊनही वायरवर ९५ च्या आसपासच मिळतं. पैसे मात्र पूर्ण जातात. असं दिसलं तर आधी टोकं तपासा.

तारा सरळ करून टोकं एका रेषेत कापा. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. कनेक्टरमध्ये तारा पार टोकापर्यंत आणि बाहेरचं आवरणही आत गेलं पाहिजे. रंग पुन्हा एकदा वाचा, मगच क्रिंपिंग टूल दाबा. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण लवकर तुटते. एका वायरची लांबी १०० मीटरच्या आत हवी, आणि ती विजेच्या वायरीच्या पाइपातून नेऊ नका.

शेवटी दोन विनंत्या. डक्टमधल्या आपापल्या वायरीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावा, म्हणजे एकाची दुरुस्ती करताना दुसऱ्याची वायर कापली जाणार नाही. आणि सोसायटीच्या शिडीसारखंच एक क्रिंपिंग टूल आणि टेस्टर ऑफिसात ठेवू या. लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं.