राजाचे कुबड आणि राजाचा न्याय



इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड आपल्यापैकी बहुतेकांना शेक्सपिअरच्या नाटकामुळे ठाऊक आहे. पाठीला कुबड, वाळलेला हात, लंगडी चाल आणि सिंहासनासाठी कोवळ्या पुतण्यांचा घात करणारे काळीज! देह वाकडा म्हणून मनही वाकडे, ही जुनी समजूत नाटककाराने पुरेपूर वापरून घेतली.

हा राजा २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत पडला, तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता. जिंकणारा सातवा हेन्री गादीवर बसला. आणि शेक्सपिअरने नाटक लिहिले ते या हेन्रीची नात एलिझाबेथ राज्य करीत असताना. मग पराभूताचे चित्र कसे रंगणार, हे सांगायला नको. राजघराण्याच्या संग्रहातील रिचर्डची एक तसबीर क्ष-किरणांखाली तपासली, तेव्हा उजव्या खांद्याची रेषा मागाहून उंच रंगवल्याचे आढळले. कुबड असे कुंचल्यानेही देता येते!

२०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेत उत्खनन झाले. तेथे पूर्वी मठ होता. जमिनीखाली एक सांगाडा मिळाला. रिचर्डच्या बहिणीच्या मातृवंशातील हयात व्यक्तींशी त्याची जनुके जुळली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ओळख जाहीर झाली. कणा एका बाजूला वाकलेला होता, त्यामुळे एक खांदा थोडा उंच दिसत असावा. पण कुबड नव्हते, वाळलेला हात नव्हता, लंगडेपणाची खूणही नव्हती. एकट्या कवटीवर नऊ घाव होते.

कवटीवर कोठे किती मांस असते याची मोजमापे शास्त्रज्ञांजवळ असतात. त्यांच्या आधारे कॅरोलिन विल्किन्सन या विदुषीने राजाचा चेहरा उभा केला. तरणा, शांत चेहरा! तो पाहून अनेकांना वाटले, हा माणूस खुनी असेल कसा?

श्रोतेहो, येथेच आपण सावध झाले पाहिजे. हाड जबड्याची ठेवण सांगते, ओठांवरची मुद्रा सांगत नाही. वाकड्या पाठीवरून दुष्टपणा ठरवणे ही जशी चूक, तशीच सौम्य चेहऱ्यावरून सज्जनपणा ठरवणे हीही चूकच. दोन्हीकडे न्यायाधीश एकच, आपले डोळे!

राजाचा न्याय त्याच्या करणीवरून व्हावा. १४८४ च्या पार्लमेंटात रिचर्डने संशयावरून पकडलेल्यांना जामिनाची सोय दिली, गुन्हा शाबीत होण्यापूर्वी मालमत्ता जप्त करण्यास मनाई केली आणि धनिकांकडून सक्तीने देणग्या उकळण्याची प्रथा बंद केली. पण याच माणसाने काही महिन्यांपूर्वी, जून १४८३ मध्ये, लॉर्ड हेस्टिंग्जचे मस्तक चौकशीवाचून उडवले होते. १२ आणि ९ वर्षांचे दोन पुतणे त्याच्या ताब्यात लंडनच्या किल्ल्यात होते. त्या उन्हाळ्यानंतर ते कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. मॅन्सिनी या इटालियन गृहस्थाने थोरल्याच्या घाताची शंका १४८३ सालीच लिहून ठेवली आहे. म्हणजे संशय केवळ विजेत्यांनी रचलेला नव्हे. कुबड खोटे ठरले, म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

आपल्याला हा धडा परका नाही. संभाजी महाराजांची बदनामी ज्या बखरीने रुजवली, तिचे कर्ते मल्हार रामराव चिटणीस हे, महाराजांनी ज्यांना देहदंड दिला त्या बाळाजी आवजींचे वंशज. आणि बखर लिहिली शंभराहून अधिक वर्षांनंतर! वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे मूळ कागदपत्रे धुंडाळून १९६० साली चरित्र सिद्ध केले, तेव्हा ते जुने चित्र ढासळले. दोन राजांची तुलना मी करीत नाही. दोघांची करणी वेगळी. साम्य आहे ते लेखणी कोणाच्या हाती होती, या प्रश्नात.

बेंद्रे यांनी आरतीचे ताट हाती घेतले नाही, कागद हाती घेतले. वाईट लिहिणाऱ्याला आपण विचारतो, तुझा स्वार्थ काय? चांगले लिहिणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारण्याचे धैर्य आपल्याला हवे.

मार्च २०१५ मध्ये रिचर्डला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये राजाला साजेशी मूठमाती मिळाली. मृताला सन्मान देणे हा माणुसकीचा धर्म. त्याला निर्दोष ठरवणे हे निराळे काम, आणि त्याला पुरावा लागतो. एवढा विवेक आपण आपल्या आवडत्या आणि नावडत्या, दोन्ही पुरुषांच्या बाबतीत पाळावा, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.