श्वास आणि घास



मराठीतील 'दम' हा लहानसा शब्द मोठा अर्थवाही आहे. दम लागतो, तसा दम धरावाही लागतो. फुफ्फुसांच्या 'सीओपीडी' या जुनाट विकाराने ग्रासलेल्या माणसाला या दोन्ही अर्थांचा रोज प्रत्यय येतो. विडी-सिगारेट हे त्याचे प्रमुख कारण. पण जन्मभर चुलीचा धूर सोसलेल्या, विडीला कधी न शिवलेल्या स्त्रियाही त्याला बळी पडतात.

अशा रुग्णाला पूर्वी विश्रांतीचाच सल्ला मिळे. घरची माणसेही मायेपोटी त्याला खुर्चीवरून उठू देत नसत. परंतु न वापरलेले स्नायू झडतात आणि मग चार पावलांनाही धाप लागते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस पेटी यांनी अशा रुग्णांना चालते केले. व्यायामाने फुफ्फुस पूर्ववत होत नाही. मात्र मांड्या बळकट झाल्या, की तेवढ्याच चालण्याला श्वास कमी लागतो.

येथे अन्नाचा प्रश्न उभा राहतो. या रुग्णाला श्वास घेणे हेच कष्टाचे काम असते. जेवतानाही धाप लागते, म्हणून घास कमी होतो. त्यात व्यायामाची भर पडली, की शरीर स्वतःचीच झीज करून घेऊ लागते. इंग्लंडमधील लेस्टर येथे ८५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. सात आठवड्यांच्या व्यायामकाळात एका गटाला रोज पिष्टमय पूरक आहार दिला, तर दुसऱ्याला पोषणमूल्य नसलेले पेय. दुसऱ्या गटाचे वजन घटले, पहिल्याचे वाढले. चालण्यातील लाभ मात्र ज्यांचे पोषण मुळात बरे होते, त्यांच्यातच स्पष्ट दिसला. फार झिजलेल्या देहाला तेवढी शिदोरी पुरत नसावी, असा याचा एक अर्थ घेता येईल. म्हणून वजन उतरू लागताच सावध व्हावे.

उलटपक्षी, व्यायामाविना नुसता पूरक आहार घेतला, तर बळ न वाढता मेदच वाढण्याचा संभव अधिक. पूरक आहार म्हणजे केवळ दुकानातील महागडा डबा नव्हे. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे हे घरचेच पदार्थ. ते थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा आणि जेवणापूर्वी क्षणभर विसावा घेऊन खावेत. प्रमाण अर्थात डॉक्टरांनी ठरवावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना 'बसून राहा' म्हणण्यात माया आहे, यात शंका नाही. पण त्यांच्या हाती दुधाचा पेला देऊन, त्यांच्या पावलांच्या गतीने अंगणापर्यंत सोबत जाणे, ही माया अधिक डोळस होय.