काळ्या मातीचे माहेर



अमरावती-अकोल्याचा शेतकरी काळ्या मातीला माय मानतो. या मायेचे माहेर पृथ्वीच्या पोटात आहे.

तव्यावरची भाकरी भाजते ती वहनाने. पातेल्यातले पाणी तळाशी तापून वर येते, वरचे थंड पाणी खाली उतरते, ते अभिसरण. पृथ्वीच्या अंतरंगातही या दोन्ही क्रिया अखंड चालू आहेत. गाभ्याचे तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. जन्मकाळची शिल्लक उष्णता आणि युरेनियम, थोरियम यांच्या किरणोत्सारातून निघणारी उष्णता, यांमुळे गाभ्याभोवतीचे प्रावरण तापते. तेथील खडक घन असूनही वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. वर चढताना दाब घटला की तो वितळू लागतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशाच तप्त स्तंभातून दख्खनवर लाव्हा पसरला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्याचे एकावर एक रचलेले थर चिखलदऱ्याच्या कड्यांत आजही दिसतात. तोच बेसाल्ट युगानुयुगे झिजून वऱ्हाडची कपाशी पोसणारी माती झाली.

परंतु अखंड बेसाल्टात पाणी मुरण्यास जागा थोडी. ते भेगांत व सच्छिद्र थरांतच साठते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर भूजलच खारट आहे. म्हणून बांधबंदिस्ती आणि शेततळी ही केवळ सरकारी योजनेची कामे नव्हेत. एका पावसाळ्यात वाहून गेलेली माती पुन्हा घडण्यास शेकडो वर्षे लागतात. ती जागच्या जागी राखणे, हे प्रत्येक गावाचे कर्तव्य होय.