आजींचं टायमिंग बघितलंत का?

बसमध्ये असा, जिममध्ये असा, नाहीतर अंथरुणात लोळत ऐकत असा, आजचा भाग पळण्यावर आहे. पण आपल्या नाही, आजी-आजोबांच्या पळण्यावर.

२०२२ मध्ये एक फोटो तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. हरियाणाच्या भगवानी देवी डागर, वय ९४, गळ्यात मेडल. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात त्यांनी १०० मीटरमध्ये गोल्ड जिंकलं होतं, गोळाफेकीत ब्राँझही. आपण ‘किती क्यूट आजी!’ म्हणत हार्ट टाकले आणि फॉरवर्ड केलं. पण त्या किती सेकंदांत पळाल्या, हे किती जणांनी वाचलं? २४.७४ सेकंद. उद्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, मैदानावर १०० मीटर पळा, मग या आकड्याची किंमत कळेल.

ही स्पर्धा म्हणजे वर्ल्ड मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स चॅम्पियनशिप. पहिली झाली १९७५ साली, टोरांटोला. वयाची ३५ पूर्ण झाली की तुम्ही पात्र. क्वालिफाइंग टाइमची अट नसते. दर पाच वर्षांचा एक गट: ३५ ते ३९, ४० ते ४४, असं करत थेट शंभरीच्या पुढेपर्यंत. त्यामुळे गंमत अशी होते की, आपण साठावा वाढदिवस आला की उदास होतो आणि हे लोक खूश होतात. कारण ५९ व्या वर्षी गटात सगळ्यांत म्हातारे असतात, साठ लागले की नव्या गटात सगळ्यांत तरुण!

सामानही वयाप्रमाणे बदलतं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा. साठीत तो ५ किलोचा होतो, ऐंशीनंतर ३ किलोचा. हर्डल्सची उंची कमी होते. कुणी म्हणेल, ही तर सवलत झाली. मग शाळेत पाचवीच्या मुलाला दहावीच्या मुलाबरोबर आपण पळवतो का?

आता एक खरा प्रश्न. चंदीगडच्या मान कौर आठवतात? पळायला सुरुवात केली ९३ व्या वर्षी, मुलाच्या आग्रहावरून. २०१७ मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये १०१ व्या वर्षी त्यांनी ७४ सेकंदांत १०० मीटर पूर्ण केले. गोल्ड मिळालं, पण त्यांच्या वयोगटात त्या एकट्याच होत्या. मग ते गोल्ड कसलं?

याचं उत्तर मला जपानच्या हिदेकिची मियाझाकींमध्ये सापडतं. २०१५ मध्ये, १०५ व्या वर्षी, ते ४२.२२ सेकंदांत १०० मीटर धावले. विक्रम झाला, जगभर कौतुक झालं. आणि हे आजोबा नाराज! त्यांना ३५ सेकंदांत पोचायचं होतं. पळतानाच आपण हळू आहोत हे जाणवून डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या लेनमध्ये कुणी असो-नसो, घड्याळ तर असतंच ना. ज्याला आपल्या टायमिंगचं वाईट वाटतं, त्याला मी तरी खेळाडूच म्हणते.

म्हणून ‘क्यूट’ हा शब्द मला खटकतो. त्यात प्रेम असतं, मान्य. पण त्यात असंही असतं की, या वयात यांच्याकडून कसली अपेक्षा ठेवायची! तेच आपण घरी करतो. आई जिना जरा भरभर चढली की लगेच, ‘अगं हळू, तुझं वय काय!’ काळजी म्हणून बोलतो, पण हळूहळू तिलाही ते पटायला लागतं.

हे सगळं गुलाबी नाही हं. परदेशातल्या स्पर्धेची एंट्री फी, विमानाचं तिकीट, राहणं हा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो कितीही वेगवान असला तरी घरीच राहतो. पण जिल्हा आणि राज्य पातळीवर मास्टर्स स्पर्धा आपल्याकडेही होतात. तिथवर पोचायला पासपोर्ट लागत नाही.

तर आजचा होमवर्क. आईला, मावशीला, काकांना विचारा, ‘शाळेत तुम्ही कुठल्या शर्यतीत होतात?’ लग्नानंतर किंवा नोकरी लागल्यावर मैदान सुटलेली किती माणसं आपल्याच घरात निघतात, बघा. मग डॉक्टरांना एकदा दाखवून त्यांना मैदानावर न्या. फोटो नंतर काढा, आधी स्टॉपवॉच लावा. आणि टायमिंग मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!