लाल चिंधीची ग्रीस गन

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आंदर मावळात टाकव्याच्या पुढे माझं घर आहे. घराच्या पडवीत एक जुनी मोटारगाडी उभी असते. पावसाळ्यात वडेश्वरकडे, ठोकळवाडीच्या पाण्याकडे फिरायला निघालेली मंडळी ती पाहून थांबतात. पहिला प्रश्न असतो, ‘काका, विकायची आहे का?’ आणि दुसरा, ‘चालते का हो?’ पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं होय. ती चालती कशी राहते, हे मात्र कुणी विचारत नाही. आज मी तेच सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

गाडीचं नाव स्टँडर्ड हेराल्ड. माझ्यापेक्षा वडील असलेल्या श्रोत्यांना ती नक्की आठवेल. इंग्लंडमध्ये १९५९ साली ती ट्रायम्फ हेराल्ड म्हणून निघाली. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलं होतं. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात बनू लागली. याच हेराल्डची चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फने ‘स्पिटफायर’ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली. ती १९८० पर्यंत बनत होती. तेव्हा इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी एखादा निवृत्त गृहस्थ आपल्या लाडक्या स्पिटफायरखाली पाठीवर पडून जे काम करतो, तेच काम मी टाकव्याच्या पडवीत करतो. वरचं अंग निराळं, पण पुढच्या चाकांची हाडं तीच.

ही गाडी आमच्याकडे आली ती अब्बांमुळे. ते लोणावळ्यात हायवेवरच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. तेव्हा मुंबईहून पुण्याला येणारी प्रत्येक गाडी बोरघाट चढून यायची आणि उन्हाळ्यात निम्म्या गाड्या वाफ सोडत यायच्या. रेडिएटर, फॅनबेल्ट, पाण्याचा पंप यांवर गॅरेजांचं पोट चाले. २००२ मध्ये एक्स्प्रेस वे पूर्ण झाला आणि ती वाफ लोणावळ्यात थांबेनाशी झाली. असो. १९८४ साली एका गिऱ्हाइकाने मागचा एक्सल मोडलेली हेराल्ड गॅरेजात सोडली आणि पुढे ती अब्बांनाच थोडक्यात देऊन टाकली. मी तेव्हा शाळेत होतो. एका सुट्टीत अब्बांनी ती उभी केली आणि मी त्यांना पाने देत बसलो.

पाने देणं हेही शिक्षणच असतं. या गाडीचे नट इंचात आहेत. मिस्त्री लोक त्याला सूत म्हणतात, एका इंचाचे आठ सूत. चार सुताचा नट म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. आजच्या पेटीतला तेरा नंबरचा पाना त्यावर बसतो, पण किंचित ढिला. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नीशिवाय गत्यंतर नाही. मी एकदा घाईत तेरा नंबर पुढे केला, तेव्हा अब्बा म्हणाले, ‘बसतो म्हणजे बसला असं नसतं.’

घरी दुरुस्त करायला या गाडीसारखी सोयीची गाडी दुसरी नसेल. पुढचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट एका तुकड्यात पुढे कलतं. इंजिन चारी बाजूंनी उघडं पडतं आणि पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. अंगाचे भाग नट-बोल्टांनी चासीवर बसवलेले, त्यामुळे एकेक भाग सुटा करता येतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. ती पातळ पट्टीने मोजायची. एवढं जमलं की सकाळी गाडी पहिल्या चावीला बोलते.

खरा शत्रू आमचा पाऊस. आंदर मावळात जूनपासून भिंतींनाही पाझर फुटतो. इंद्रायणी भाताला ते मानवतं, पत्र्याला नाही. म्हणून मृगाच्या आधी माझी एक ठरलेली कामांची साखळी आहे. चासीच्या बाहेर आलेल्या हातांना पाणी निघून जाण्यासाठी भोकं असतात, ती तारेने मोकळी करायची. आतून तेल मारायचं. बॅटरी काढून घरात घ्यायची. चाकं लाकडी ठोकळ्यांवर टेकवायची. वर प्लास्टिक टाकायचं नाही. त्याखाली घाम धरतो आणि गाडी बाहेरच्यापेक्षा आतून जास्त भिजते. त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या, कारण वायरींवरचं आवरण त्यांना भाताइतकंच प्रिय असतं.

आता माझ्या चुकीकडे येतो.

अब्बांकडे दोन ग्रीस गन होत्या. एक साधी. दुसरीच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली. ही दुसरी नेहमी खिळ्याला टांगलेली असे आणि तिच्या तोंडातून तेलाचा थेंब थेंब गळत असे. खाली एक करवंटी ठेवलेली. पुढच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, अब्बा लाल चिंधीचीच गन लावत. मी विचारलं होतं, ‘अब्बा, तुम्ही इथे ही गळकी गन का वापरता?’ ते म्हणाले, ‘इथे हीच.’ एवढंच. गॅरेजात घडलेल्या माणसाला कारण सांगायची सवय नव्हती आणि मलाही खोलात जायची गरज वाटली नाही.

२००९ मध्ये अब्बा गेले. त्यांचं सामान आवरताना मी ती लाल चिंधीची गन भंगारात टाकली. गळकी वस्तू कशाला ठेवायची? पुढची पाच वर्षं मी चांगल्या गनने, चांगल्या प्रतीचं ग्रीस, मनापासून सगळीकडे भरलं. त्या दोन जागीही.

२०१४ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. खांडीच्या बाजूला एका लग्नाला निघालो होतो. शेजारी माझी चौदा वर्षांची मुलगी. अंगणातून रस्त्यावर यायला मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. खालून काडकन आवाज झाला आणि गाडीचं उजवं नाक जमिनीवर बसलं. चाक मडगार्डखाली आडवं झालं होतं. वेग माणसाच्या चालण्याइतका, त्यामुळे दोघांना खरचटलंही नाही. पण अर्ध्या तासाने आम्ही पाण्याच्या कडेच्या वळणांवर असतो. मुलगी हसत होती. माझे पाय मात्र उतरल्यावर जमिनीवर ठरेनात.

शेजारचे तात्या आणि त्यांची दोन मुलं आली, गाडी उचलून ठोकळ्यांवर घेतली. मी तुटलेला भाग हातात धरला. या गाडीत चाकाला धरणारा एक उभा पोलादी दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ते टोक एका पितळी ठोकळ्यात फिरकीसारखं बसतं. स्टिअरिंग वळवलं की आटे त्या ठोकळ्यात फिरतात. म्हणूनच एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे. गाडीचं पुढचं वजन आणि रस्त्याचे सगळे धक्के या आट्यांवरून जातात. तिथे लागतं पातळ वाहणारं नव्वद नंबरचं गिअर ऑइल, जे आट्या-आट्यातून तळापर्यंत झिरपेल. ग्रीस वरच थांबतं, सुकून घट्ट होतं. मग पाणी आत शिरतं, पोलाद गंजतं आणि एका आट्याच्या खाचेत चीर सुरू होते.

तुटलेला दांडा हे सगळं स्पष्ट सांगत होता. मोडलेल्या तोंडाची कड काळी-तांबूस होती. तिथली चीर बरीच जुनी. मधला थोडासा भाग ताजा, साखरेच्या दाण्यांसारखा चमकत होता. तेवढ्याशा पोलादावर माझी मुलगी गाडीत बसली होती. लाल चिंधीची गन गळत होती, कारण तिच्यात ग्रीस नव्हतं, तेल होतं. गळणं हेच तिचं काम होतं.

दुसऱ्या बाजूचा दांडा दिसायला धडधाकट. तो काढून मी तळेगावच्या एका जुन्या टर्नरकडे नेला. त्यांनी तो धुऊन रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, मग फडक्याने कोरडा पुसला आणि त्यावर शाळेतल्या खडूची पूड घासली. आम्ही चहा घेतला. परत येऊन पाहतो तर पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली होती. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन साक्ष देत होतं. टर्नर म्हणाले, ‘भाई, हा पण निघालाच होता.’

पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार हिंडलो. तिथे तसा दांडा मिळालाही असता, पण दुसऱ्याचा गंज विकत घेण्यात काय शहाणपण? इंग्लंडमध्ये स्पिटफायर सांभाळणारे पुष्कळ असल्यामुळे हे भाग तिथे आजही नवे बनतात. तिथून जोडी मागवली आणि पितळी ठोकळ्यांसकट बसवली. नवी ग्रीस गन आणली, तिच्यात नव्वद नंबर भरलं आणि दांड्याला लाल चिंधी बांधली. चिंधी मुलीच्या जुन्या ओढणीची.

त्या रात्री मी एक वही काढली. कवितेसाठी आणलेली होती. तिच्यात गाडीची कामं लिहायला बसलो आणि स्वतःला एक नियम घातला. प्रत्येक कामापुढे त्याचं कारण लिहायचं, आणि कारण ठाऊक नसेल तर कळेपर्यंत जागा कोरी सोडायची. ‘इथे गिअर ऑइल. ग्रीस नको. ग्रीस तळाला पोचत नाही, आटे गंजतात, चाक निखळतं.’ माझ्या कवितांवर बरंवाईट बोललं गेलं आहे. या तीन ओळींना मात्र कुणी नावं ठेवणार नाही.

मला अब्बांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या पिढीने कारागिरी हातातून हातात दिली. जोवर दोन्ही हात एका छपराखाली होते तोवर कारणाची गरज पडली नाही. अडचण येते ती देणारा गेल्यावर. सवय मागे उरते, आणि कारण नसलेली सवय पुढच्या माणसाला अडगळ वाटते. मग तो ती प्रामाणिकपणे, घर झाडता झाडता, बाहेर टाकून देतो. मी तेच केलं. आपल्या घरातल्या किती तरी रीती अशाच खिळ्याला टांगलेल्या असतील. त्यांतल्या काही खरोखरच गळक्या असतील, काही लाल चिंधीच्या. कोणती कुठली, हे टाकण्याआधी विचारलं पाहिजे. आणि सांगणाऱ्याने विचारण्याची वाट पाहू नये.

कारण लिहिलेलं असलं की ते बदलताही येतं. २००० मध्ये देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. या जुन्या इंजिनांत ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू देत नसे, म्हणून अब्बांनी तेव्हा हेड उतरवून कडक बैठकी बसवून घेतल्या होत्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओलीला आमच्याकडे तोटा नाही. म्हणून आम्ही नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, आणि पावसाळ्याआधी टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करतो. वहीतलं हे पान माझ्या मुलीने लिहिलं आहे, कारणासकट.

ती आता नोकरीला पुण्यात असते. शनिवारी लोकलने कान्ह्याला उतरते. गेल्या मे महिन्यात ती गाडीखाली होती आणि मी वर बसून पाने देत होतो. आधी तिने ठोकळे हलवून पाहिले, कारण नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही हे वहीचं पहिलं पान आहे. मग खालून आवाज आला, ‘अब्बू, लाल चिंधीची द्या.’

मी गन पुढे केली. सवयीने म्हणालो, ‘का, ते माहीत आहे ना?’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘मी होते ना गाडीत.’

थोड्या वेळाने आट्यांच्या वरच्या कडेतून तेल बाहेर आलं आणि एक थेंब तिच्या कपाळावर पडला. तिने तो मनगटाने पुसला आणि गाडीखालून सरकत दुसऱ्या चाकाकडे गेली.